खारेपाटाची खांड कोणी बुजवावी?

देशावरील वाचकांस नदी म्हटली म्हणजे एकाच दिशेने वाहणारे पाणी डोळ्यांपुढे येते. डोंगरावर पाऊस पडावा, ओढे भरावेत, नदीस पूर यावा आणि तो खाली निघून जावा, एवढाच तिचा व्यवहार. परंतु रायगड जिल्ह्यातील पेण व अलिबाग या तालुक्यांच्या ज्या सखल भागास खारेपाट म्हणतात, तेथील नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. वरून गोडे पाणी येते, खालून खारे पाणी चढते, आणि या दोहोंच्या मध्ये मातीचा एक बांध उभा असतो. त्या बांधाच्या आत भात पिकते. बाहेर तिवर वाढते. बांध शाबूत आहे तोवर शेत हे शेत आहे. बांध फुटला की तेच शेत खाडीचा भाग होते. जमिनीचा नकाशा इतक्या सहज बदलणारा प्रदेश महाराष्ट्रात दुसरा क्वचितच असेल.

हा बांध फुटला असता तो कोणी व किती दिवसांत दुरुस्त करावा, या एकाच प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. हा प्रश्न वरवर पाहता कचेरीतील कारभाराचा दिसतो. आमच्या मते तो मुळात भूगोलाचा आहे, आणि भूगोल नीट ध्यानात घेतल्यावाचून केलेला कारभार येथे टिकणार नाही.

प्रथम नदीचे वर्णन करू. अंबा नदी खंडाळ्याच्या दक्षिणेस सह्याद्रीच्या उतारावर उगम पावते. जांभूळपाडा, पालीचा परिसर व नागोठणे येथवर ती इतर नद्यांसारखीच एक डोंगरी नदी आहे. तिचा जोर किती असू शकतो हे १९८९ सालच्या जुलै महिन्यात जांभूळपाड्याच्या लोकांनी पाहिले. त्या महापुरात पुष्कळ माणसे दगावली आणि वस्तीच्या वस्ती वाहून गेली. नागोठण्याच्या खाली मात्र तिचे स्वरूप पालटते. उतार जवळजवळ संपतो, पात्र रुंदावते, पाणी गढूळ व मचूळ होते, काठावर चिखलाचे सपाट पट्टे दिसू लागतात. येथून खाली लोक तिला नदी न म्हणता खाडी म्हणतात. धरमतर येथे वडखळ-अलिबाग रस्ता या खाडीस ओलांडतो, आणि पुढे रेवसपाशी ती मुंबई बंदराच्या पाण्यास मिळते. पेणची भोगावती, तिच्या उत्तरेची बाळगंगा व त्यापलीकडील पाताळगंगा यांची तोंडेही याच खाडीच्या परिवारात येतात. एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबते थेट नागोठण्यापर्यंत चढत. ज्या भरतीने व्यापाऱ्यांचा माल वर नेला, तिनेच शेतकऱ्याच्या बांधास धडका दिल्या; नदीचे दोन्ही उपयोग एकाच पाण्याचे आहेत.

आता भरतीचा हिशेब पाहावा. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातील वृद्ध माणसे यासाठी घड्याळ किंवा छापील तक्ता पाहत नाहीत. तिथीची पाऊणपट करावी, जे येईल त्या तासास पूर्ण भरती, असा त्यांचा सोपा आडाखा आहे. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, असे ते गणित स्थूलमानाने जुळते. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती आणखी उशिरा पोहोचते, एवढाच फरक.

वेळेपेक्षा उंची अधिक महत्त्वाची. अमावास्या व पौर्णिमा यांच्या लगतच्या दिवसांत पाणी सर्वांत उंच चढते आणि सर्वांत खाली उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार मंदावतो. त्यास भांग म्हणतात. मुंबई बंदरात उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर सरासरी सुमारे ३.७ मीटर, तर भांगाचे सुमारे १.४ मीटर असते. आणि उधाणाची भरती भांगाच्या भरतीपेक्षा एक मीटरहून अधिक उंच येते. पावसाळ्यातील काही उधाणे याहूनही मोठी असतात. म्हणजे दर पंधरवड्यास समुद्र एकदा बांधाची परीक्षा घेतो आणि मधले काही दिवस शेतकऱ्यास उसंत देतो. खारेपाटातील बांधकामाचे सगळे शहाणपण या उसंतीचा उपयोग करण्यात आहे. हा एक मुद्दा वाचकांनी पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावा.

खारीची जमीन कशी होते हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. नदी डोंगरातून गाळ आणते, भरती तो मागे लोटते, आणि दोहोंचा जोर जेथे मोडतो तेथे तो खाली बसतो. असे पट्टे पुरेसे उंच झाले म्हणजे त्यांभोवती बांध घालावयाचा, बांधात उघाड्या बसवावयाच्या आणि पुढील काम पावसावर सोपवावयाचे. उघाडी म्हणजे एकतर्फी झडपेचे दार. ओहोटीस आतले पाणी ते बाहेर सोडते, भरतीस बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही. अलिबागेकडे वर्षास सरासरीने दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. हे पाणी शेतात कोंडावे, मीठ विरघळू द्यावे, ओहोटीबरोबर सोडून द्यावे, पुन्हा कोंडावे. असे काही पावसाळे केले म्हणजे वरचा थर भातास सोसेल इतका गोड होतो. या जमिनीत मोड आणलेले बी, म्हणजे रहू, चिखलात फेकून भात घेण्याची जुनी रीत आहे. काळा रता व भुरा रता या खार सोसणाऱ्या जाती, आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने दिलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती, हे या जमिनीचे खरे धन आहे.

तथापि गोड झालेली जमीन कायमची गोड राहत नाही. उन्हाळ्यात खालचा खार ओलाव्याबरोबर वर येतो. तो पुन्हा धुण्यासाठी पुढचा पावसाळा लागतो. शिवाय एक गोष्ट अशी आहे की जी फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. बांधाबाहेरच्या पट्ट्यावर प्रत्येक भरतीस गाळ साचतो व तो उंच होत जातो. बांधाच्या आत गाळ येणे बंद झालेले असते, आणि वाळून, आकसून, दबून तेथील जमीन उलट थोडी खचते. म्हणून खार जितकी जुनी, तितकी ती बाहेरील काठाच्या मानाने खोल. उघाडीच्या तोंडाशी गाळ भरतो, आतले पाणी निघेनासे होते, आणि बांधावर येणारा भार मात्र वाढत जातो. त्यात समुद्रही स्थिर नाही. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगातील समुद्रपातळी सरासरीने सुमारे २० सेंटिमीटर चढली असून चढण्याचा वेग अलीकडे वाढला आहे. आजोबांच्या काळी जो बांध पुरेसा उंच होता तो नातवाच्या काळी पुरेसा असेलच असे नाही.

आता खांडीकडे वळू. खेकड्याच्या बिळातून, कुजलेल्या मुळीच्या पोकळीतून किंवा लाटेने खचलेल्या पायथ्यातून पाणी झिरपू लागते. उधाणाच्या रात्री ते वाट मोठी करते, आणि सकाळी बांधात भगदाड दिसते. यासच खांड म्हणतात. पहिल्या दिवशी ती काही हातांचीच असते. परंतु भरतीचे पाणी तीतून दिवसातून दोनदा आत शिरते व दोनदा बाहेर पडते. म्हणजे रोज चार वेळा तिचे काठ खरवडले जातात. खार जितकी मोठी, तितके आत-बाहेर करणारे पाणी अधिक, आणि तितकी खांड जलद वाढते. पहिल्या भांगात गावच्या माणसांनी पेंढा, फांद्या व चिखल घालून जी बुजविता आली असती, ती दोन-तीन उधाणांनंतर यंत्रे व दगड लावूनही सहज आटोपत नाही. तिच्या तळाशी खोल डोह पडतो आणि बांध जुन्या रेषेवरून घेताच येत नाही.

नुकसानीचाही हिशेब करून पाहावा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एक हेक्टर शेतावर ३० सेंटिमीटर असे पाणी चढले तर ते ३००० घनमीटर भरते, आणि त्यात सुमारे १०० टन मीठ असते. पावसाळ्यात खाडीचे पाणी याहून पुष्कळ गोडे असते, आणि ओहोटीबरोबर बहुतेक पाणी परतही जाते. पण उन्हाळ्याच्या तोंडी जे जमिनीत मुरते ते राहते. जमिनीच्या ओलाव्याची क्षारता ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की साधारण भाताचे उत्पन्न घटू लागते, आणि पुढे प्रत्येक एककास ते सुमारे १२ टक्क्यांनी उतरते. एका उधाणाचे खारे पाणी धुवून काढण्यास एक पावसाळा पुरेल. दोन वर्षे मोकाट वाहिलेली खांड पुढील कित्येक हंगाम घेऊन जाते. तात्पर्य, खारेपाटात दुरुस्तीची किंमत खांडीच्या रुंदीने ठरत नाही. ती विलंबाने ठरते.

पूर्वी हा विलंब कसा टाळला जाई? आंग्रे व पेशवे यांच्या काळापासून पुष्कळ खारी भांडवलवाल्या पुढाऱ्यांनी बांधल्या. त्यांस शिलोत्रदार म्हणत. बाहेरील मोठ्या बांधाची जोखीम त्यांची, आणि तिच्या मोबदल्यात कुळांकडून धान्याचा हक्क त्यांचा. काही खारी कुळांनीच एकत्र होऊन घातल्या. पेण-अलिबागेकडे जोळ या नावाची रीत होती. ज्यांची ज्यांची जमीन एका बांधाच्या आत, त्यांनी त्यांनी त्या बांधाच्या राखणीस व डागडुजीस श्रम द्यावयाचे, आणि खांडीची हाक आली की हातचे काम टाकून धावावयाचे, असा तिचा व्यवहार. यात परोपकार नव्हता. एकाच्या शेतासमोरचा बांध फुटला तरी पाणी सगळ्यांच्या शेतात जाते, हे प्रत्येकास ठाऊक होते.

त्या जुन्या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गात नाही. खोत व सावकार यांनी त्याच काळात कुळांस किती नागविले हे चरीच्या संपाने जगापुढे मांडले. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसण्याचा निर्धार पाळला. सहा वर्षे उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्यास पाठिंबा दिला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. पुढे कुळकायदे आले, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, कसणारा मालक झाला. हे झाले ते न्यायाचेच झाले.

परंतु जमीन कुळाकडे आली तेव्हा बांधाची जबाबदारी नक्की कोणाकडे गेली, हा प्रश्न उरला. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने व पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने तो सरकारी यंत्रणेकडे सोपविण्यात आला. यातून चांगले कामही पुष्कळ झाले. एका गावाच्या आवाक्याबाहेरचे लांब बांध व पक्क्या उघाड्या सरकारनेच उभ्या केल्या. मात्र त्याबरोबर एक समजूत रुजली, की बांध सरकारचा आणि शेत आपले. जोळ मोडली. माणसे कारखान्यांत व मुंबईत नोकरीस गेली. खांडीची हाक देणारा राहिला, धावणारा राहिला नाही.

आज खांड पडली म्हणजे काय होते? गाव अर्ज करते, अधिकारी पाहणी करतात, अंदाजपत्रक होते, ते मंजुरीस जाते, निधी उपलब्ध असेल तर निविदा निघते. सरकारी पैशाचा हिशेब चोख राहावा म्हणून ही प्रत्येक पायरी घातलेली आहे. त्यात कोणा एकाचा दोष नाही. दोष इतकाच, की या पायऱ्या कॅलेंडराच्या महिन्यांनी मोजाव्या लागतात आणि खांड चंद्राच्या तिथींनी वाढते. अष्टमीच्या मागेपुढे जे चार-पाच दिवस उसंतीचे असतात त्यांत अर्जाची पोचही मिळत नाही. चार-पाच दिवसांचे काम चार-पाच महिन्यांच्या रीतीने करावयास गेल्यास शेत खाडीस मिळणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

विलंबाने आणखी एक संकट ओढवते, आणि ते पाण्याहून चिवट आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिवराचे बी पाण्यावर तरंगत येते. खांड उघडी असली की ते शेतात शिरते, रुजते आणि एक-दोन वर्षांत रोपांची दाटी होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशाने व २०१८ च्या निकालाने तिवर व इतर कांदळवनांच्या तोडीस राज्यभर प्रतिबंध केलेला आहे. मग पूर्वी भात पिकविणाऱ्या जमिनीवर कांदळवनाची नोंद होते आणि मालकास आपल्याच शेतात कुदळ घालण्याची चोरी होते. यावरून कित्येक शेतकरी कांदळवनासच शत्रू मानू लागले आहेत. आम्हांस हे मान्य नाही. बांधाबाहेर दाट तिवर, चिपी व कांदळ असले म्हणजे लाटेचा जोर त्यांच्या मुळांत मोडतो आणि पायथ्याची माती धरून राहते. मालवाहू बार्जांची ये-जा धरमतर खाडीत आता नित्याची आहे; त्यांनी उठविलेल्या लाटा झेलण्यास या झाडांसारखी स्वस्त भिंत दुसरी नाही. कोळंबी, खेकडे व जिताडा यांची पिलेही तेथेच वाढतात. बाहेरचे तिवर बांधाचा रखवालदार आहे, आतले तिवर हे दुर्लक्षाचे पीक आहे. खांड त्याच हंगामात बुजली तर आत तिवर वाढण्याचा प्रश्न येत नाही, आणि न्यायालयाच्या आज्ञेशी शेतकऱ्याचा झगडाही होत नाही.

वरच्या अंगाच्या गोष्टीही दुर्लक्षून चालणार नाहीत. भोगावतीवरील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईस जाते. अंबेवरही नागोठण्याजवळ बंधाऱ्याने गोडे पाणी अडविलेले आहे. शहरांस व कारखान्यांस पाणी हवे, याबद्दल वाद नाही. पण उन्हाळ्यात खाली येणारे गोडे पाणी घटले की भरतीचे खारे पाणी त्या मानाने अधिक वर सरकते. नदीचे माथ्याकडील दार एका खात्याच्या हाती, मुखाकडील बांध दुसऱ्याच्या, कांदळवन तिसऱ्याच्या आणि बंदर चौथ्याच्या. नदी मात्र एकच आहे, आणि या चौघांच्या निर्णयांची बेरीज शेवटी खारेपाटाच्या शेतात उतरते.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील. गावात आता माणसेच नाहीत, शेतकऱ्यास भातात मिळत नाही, पुष्कळ जमीन बाहेरच्यांनी घेऊन ठेवली आहे, मग जोळ पुन्हा कोठून आणणार, असे विचारले जाईल. आक्षेप खरा आहे. फुकट श्रमाची जोळ परत येणार नाही, आणि यावी असेही आम्ही म्हणत नाही. आजच्या माणसास त्याच्या दिवसाचा रोज मिळाला पाहिजे. जोळीतले घेण्याजोगे तत्त्व श्रम फुकट असण्याचे नाही. निर्णय बांधावरच होण्याचे आहे. खांड पाहणारा व खांड बुजविण्याचा अधिकार असणारा माणूस एकच असावा, हे ते तत्त्व होय. ज्याने जमीन केवळ विकत घेऊन ठेवली त्यानेही क्षेत्राच्या मानाने बांधाचा वाटा भरावा. त्याच्या शेतात कसणारा नसला तरी पाणी शिरतेच.

दुसरा आक्षेप असा, की शेतकऱ्यांच्या हाती अधिकार दिल्यास गटबाजी होईल. गोव्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल. मांडवी व झुआरी यांच्या खाड्यांकाठी सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे आणि तिची रचना आपल्या खारीसारखीच आहे. उघाडीस तिकडे मानस म्हणतात. शतकानुशतके गावकरीने, म्हणजे कोमुनिदादीने, तेथील बांध सांभाळले. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघांकडे आले. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होतो, त्याचे उत्पन्न भातापेक्षा जड झाले, आणि मासळीच्या लोभाने मानस अवेळी उघडी ठेवून शेतात खारे पाणी घेतल्याच्या तक्रारी अनेक गावांतून झाल्या. यावरून शेतकऱ्यांस अधिकार देऊ नये असे निघत नाही. झडपेची किल्ली आणि मासळीचा पैसा एकाच हाती ठेवू नये, आणि भाताचा हंगाम चालू असता भातास अग्रहक्क असावा, एवढे निघते. हॉलंडात समुद्राहून खोल असलेल्या जमिनी राखणारी जलमंडळे तेराव्या शतकापासून चालत आलेली आहेत. आजही ती निवडणुकीने बनतात आणि स्वतःचा कर घेतात. ज्यांची जमीन पाण्याखाली जाण्याचा धोका, त्यांच्याच हाती बांधाचा कारभार, हे सूत्र तेथे जुने झाले तरी टाकाऊ ठरलेले नाही.

आपल्याकडे नवीन तत्त्व शोधण्याचीही गरज नाही. कालव्यांच्या पाण्यासाठी महाराष्ट्राने २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला आणि पाणी वापर संस्थांस मान्यता दिली. ज्या शेतकऱ्यास पाणी आणावयाचे आहे त्याच्यावर राज्याने हा विश्वास टाकला. ज्यास पाणी थोपवावयाचे आहे तो त्याहून कमी शहाणा कसा? म्हणून आमच्या सूचना येणेप्रमाणे आहेत.

पहिली, प्रत्येक खारीतील सर्व जमीनधारकांची एक नोंदलेली संस्था असावी, आणि बांध, उघाड्या व आतील नाळी यांच्या नित्य डागडुजीचा कायदेशीर अधिकार तिला असावा. दुसरी, मृगापूर्वी दरवर्षी ठरीव रक्कम तिच्या खात्यात यावी. ती खर्च झाली नाही तर पुढील वर्षास जमा राहावी, परत जाऊ नये. तिसरी, ठरावीक रुंदीपर्यंतची खांड संस्थेने पूर्वमंजुरीवाचून त्याच भांगात बुजवावी. मोजमाप, छायाचित्रे व हिशेब यांची तपासणी नंतर व्हावी, आणि खोटा हिशेब आढळल्यास कडक शासन व्हावे. मोठे दगडी काम व नव्या उघाड्या सरकारनेच कराव्यात. चौथी, आज शाबूत असलेल्या प्रत्येक बांधाची रेषा महसूल, खारभूमी व वन या तिन्ही खात्यांनी एकत्र मोजून एकाच नकाशावर आणावी. त्या रेषेबाहेरचे कांदळवन संस्थेने राखावे; आतील शेत हे शेत म्हणून निर्विवाद ठरावे. जेथे आत आधीच दाट कांदळवन झाले आहे तेथे शेतकऱ्यास न्यायालयाच्या दारात एकटे न सोडता योग्य मोबदला मिळावा. पाचवी, बांधांची उंची जुन्या मापांवर न ठेवता अलीकडच्या सर्वांत मोठ्या उधाणांवरून पुन्हा ठरवावी, आणि उघाड्यांपुढील गाळ काढण्याचे काम बांधाइतकेच नित्याचे समजावे.

शेवटी खारेपाटातील आमच्या बांधवांसही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. अधिकार मागावयाचा तर त्यासोबत येणारा कंटाळवाणा भागही पत्करला पाहिजे. उधाणाच्या दुसऱ्या दिवशी बांधावरून चालत जाणे, बिळे व भेगा पाहणे, वहीत नोंद करणे, वर्गणी वेळेवर देणे, ही कामे मोर्च्याइतकी उठून दिसणारी नाहीत. चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षे जी एकी टिकविली ती रोजच्या अशाच लहान गोष्टींवर टिकली असली पाहिजे. त्यांनी जमिनीवरचा हक्क मिळविला. ती जमीन खाडीत जाऊ न देणे हे पुढील पिढ्यांचे काम आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक खारीने निदान आपल्या जमीनधारकांची यादी करावी व बांधाची एक फेरी पुरी करावी. कायदा होईल तेव्हा होवो. या दोन गोष्टींस कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.